पुरिमचं ताट आणि सहा हमीपत्रं

सहाच्या सहा हमीपत्रं परत आली, आणि तीही एकाच पाकिटातून.

गिटलनं ते पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या मधोमध चहाच्या किटलीला टेकवून ठेवलं आणि लाटणं टेबलावर आपटलं. कोर्नब्लू कुटुंब मंडळाचा अध्यक्षीय हातोडा दोन वर्षांपूर्वी कुणीतरी अक्रोड फोडायला नेला होता, तो परत आलाच नाही. तेव्हापासून मंडळाचा कारभार लाटण्यावर चालत होता.

"सभा सुरू. पेर्ल, लिही. रविवार, पाच मार्च एकोणीसशे एकोणचाळीस. दुपारचे दोन. हजर कोण कोण?"

"आत्या, पाचजण आहोत. दिसतायत की."

"दिसणं वेगळं आणि नोंद वेगळी. लिही."

पेर्लनं लिहिलं. बावीस वर्षांची ही पोरगी आठवडाभर एका वकिलाकडे टंकलेखन करायची आणि रविवारी मंडळाची फुकट चिटणीस व्हायची. तिचा बाप, गिटलचा भाऊ वेल्व्हल, खिडकीपाशी उभा होता. तो मागावरचा माणूस, बसायची सवय नव्हती. टेबलाच्या एका बाजूला त्सिर्ल, म्हणजे गिटलच्या मेलेल्या नवऱ्याची बहीण, आणि दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ बेरिश. बेरिश न्हावी होता, लग्न केलेलं नव्हतं आणि पॅटरसनमधल्या प्रत्येक नातेवाइकाकडे जेवायचा. आज पुरिम, ज्यूंचा खाण्यापिण्याचा सण, असूनही तो टेबलावरच्या खाऊला हात लावत नव्हता. हे एकट्या गिटलच्या लक्षात आलं. तिला वाटलं, पोट बिघडलं असेल.

"वाच," गिटल म्हणाली.

पेर्लनं व्हिएन्नातल्या अमेरिकी वकिलातीचं पत्र उलगडलं. "'अर्जदार एमिल कोर्नब्लू, व्हिएन्ना, यांच्यासाठी पॅटरसन, न्यू जर्सी इथून सहा हमीपत्रं मिळाली. त्यांनुसार अर्जदाराला अमेरिकेत एक आई, एक सासू, एक काका, एक आजोबा आणि दोन सख्खे भाऊ आहेत. अर्जदाराच्या जन्मनोंदीनुसार तो एकुलता एक असून त्याची आई एकोणीसशे अठरा साली वारलेली आहे.'"

त्सिर्ल टेबलक्लॉथची सुरकुती नीट करू लागली.

"सासू कोण?" वेल्व्हलनं विचारलं.

"मी," त्सिर्ल म्हणाली. "कागदावर 'नातं' म्हणून एवढीशी जागा. 'काकाच्या बहिणीच्या नवऱ्याची बहीण' त्यात कसं बसवू? सासू बसलं."

"आणि आजोबा?"

"झेलिग असणार. माझ्या मुलाचा, युडलचा, सासरा," गिटल म्हणाली. "आज आला नाही."

"तो एमिलला कधी भेटलाय तरी?"

"भेटला नाही. फोटो पाहिलाय."

"ताई, आणि तू स्वतःला आई लिहिलंस?"

"मी त्याला न्हाऊ घातलंय, तिकडे गावी, ब्रोडीला, दोन वर्षं! त्याची आई लेआ दुकानात बसायची. पोराच्या कानातलं साबणाचं पाणी कोण काढायचं? मला काय माहीत, त्यांना पुरावा लागतो!" गिटलचा आवाज चढला. "आणि तुला सांगते, बेरिशनं आणि युडलनं दोघांनी 'भाऊ' लिहिलं. एकमेकांना न विचारता."

"आम्ही एका गादीवर झोपायचो," बेरिश म्हणाला, पण नेहमीसारखं रंगवून नाही.

आता यात हसण्यासारखं आहे, आणि हसायला हरकत नाही. पण हे कशानं झालं ते सरळ सांगायला हवं. जानेवारीतल्या सभेत ठरलं होतं की भावाच्या व्हिएन्नात अडकलेल्या मुलासाठी, एमिलसाठी, सगळ्यांच्या वतीनं एक हमीपत्र जाईल. ते कुणाच्या नावानं, यावर साडेतीन तास भांडण झालं. एमिलला मी सोडवला, हे पुढची तीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगता यावं, असं प्रत्येकालाच वाटत होतं. मग प्रत्येकजण गुपचूप नोटरीकडे गेला आणि मीच सगळ्यात जवळचा असं शपथेवर लिहून आला. कंजूष नव्हते ते. आठवड्याला अठरा डॉलर कमावणारी माणसं, एमिलच्या तीन माणसांच्या कुटुंबाला आयुष्यभर पोसायची शपथ घेत होती. नुसती भांडखोर होती. आणि तिकडे वकिलातीत बसलेल्या कारकुनाला प्रेमासाठी रकाना दिलेला नव्हता. त्या साली जगातले सगळे देश दाराला आतून कडी लावून विचारत होते, कोण आहे बाहेर, आणि कडी काढायच्या आधी पगाराचा दाखला मागत होते.

"पुढे वाच."

"'सदर हमीपत्रं परस्परविरोधी व आर्थिकदृष्ट्या अपुरी असल्यानं परत करण्यात येत आहेत. एकाच सधन, जवळच्या नातेवाइकाचं हमीपत्र सादर करावं. पूर्वीच्या हमीदारांपैकी जो खरा रक्ताचा नातेवाईक असेल त्यानं आपली हमी नोटरीसमोर मागे घेऊन नव्या हमीदाराचं नातं प्रमाणित करावं. मुलाखत अकरा एप्रिल.'"

"आज पाच," त्सिर्लनं बोटं मोजली. "टपालबोट बुधवारी सुटते. ती चुकली तर पुढची..."

"पुढचीचा विचारच नको," गिटल म्हणाली. तिनं ॲप्रनच्या खिशातून एमिलचं पत्र काढलं. ते आता घडीवर फाटायला आलं होतं. एमिलला नोव्हेंबरात उचलून छावणीत नेलं होतं. नाताळात सोडलं ते एका अटीवर, की एप्रिलअखेर देश सोडीन असं लिहून दे. नाही सोडला तर परत छावणीत. छावणीबद्दल त्यानं एवढंच लिहिलं होतं की केस अजून वाढलेले नाहीत, बायको लोटे म्हणते टोपी बरी दिसते. आणि सात वर्षांची लेक हानी अमेरिकेचा नकाशा पाठ करते आहे. नकाशात पॅटरसन नाही, म्हणून तिनं पेन्सिलीनं काढून घेतलं आहे. समुद्रात पडलं आहे थोडं, पण आहे.

"सधन आणि रक्ताचं," गिटल म्हणाली. "असं आपल्यात एकच माणूस आहे. कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. आपली धाकटी, रेझल."

वेल्व्हल खिडकीतून वळलादेखील नाही. "नियम चौदा," तो म्हणाला.

"बाबा..." पेर्ल म्हणाली.

"चिटणीसबाई, नियम चौदा वाचा."

पेर्लनं न बघता म्हटलं, "'मंडळातून काढलेल्या सभासदाशी मंडळ कोणताही व्यवहार करणार नाही. हा ठराव रद्द करायला सर्व सभासदांचं एकमत लागेल.'"

"एकमत नाही. विषय संपला."

"विषय संपला?" गिटलनं लाटणं उचललं, आणि क्षणभर सगळ्यांना वाटलं ते सभेसाठी नाही. "तिथं पोराला परत तारांच्या कुंपणात घालतील, आणि तू मला नियम शिकवतोस? तो नियम मीच लिहिलाय, गाढवा!"

"तू लिहिलास, कारण माझं मनगट बघितलंस." वेल्व्हलनं डावा हात वर केला. एकतीसच्या संपात धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या, नोसन ब्रिलच्या रंगाई कारखान्याच्या फाटकावर पोलिसांच्या दांडक्यानं ते मोडलं होतं. जोडलं गेलं ते जरा वाकडंच. तुटलेल्या रेशमी धाग्याला गाठ मारायला इतर विणकरांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ त्याला लागत होता, आणि गिरणीत मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. "ती वर कचेरीच्या खिडकीत उभी होती. बघत होती. खाली आली नाही. त्या घरचा तुकडा मी खाणार नाही, आणि त्या घरची सहीही मला नको."

"सही तुझ्यासाठी नाही, एमिलसाठी आहे!"

"एमिल! त्याचा बाप लिओपोल्ड. आपला लाइब होता तोवर भाऊ होता, व्हिएन्नात जाऊन लिओपोल्ड झाला. आपले वडील बोटीकडे जाताना तिथून गेले तेव्हा त्यानं त्यांना घरी नेलं नाही, स्टेशनावरच भेटला. दाढीवाला म्हातारा शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. हातात केकचा खोका दिला." वेल्व्हल आता वळला. "तरी मी हमी लिहिली. अठरा डॉलरची. माझी आहे ती लिहिली. आता त्यांना ती पुरत नाही, यात माझा काय दोष?"

हे खोटं नव्हतं. खरं बोलणारा माणूस अडून बसला की त्याच्याइतकं निरुपयोगी जगात काही नाही.

"मत घ्या," त्सिर्ल म्हणाली. "नियम तर नियम."

चार हात वर गेले. बेरिशचा सगळ्यात आधी गेला आणि सगळ्यात उशिरा खाली आला. वेल्व्हलचे दोन्ही हात खिशात होते.

"ठराव नामंजूर," पेर्लनं लिहिलं. निब कागदात रुतलं. "बाबा, इतकं घाणेरडं वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही. आणि मी वकिलाकडे काम करते."

गिटल उठली. ॲप्रन सोडला, कोट चढवला. "सभा दहा मिनिटं तहकूब. मी खाली जाते."

"कुठे?"

"बेकरीत. फोन करायला. मंडळ व्यवहार करणार नाही. मी मंडळ म्हणून चालले नाहीये, मी बहीण म्हणून चाललेय. त्याला नियम आहे का तुझ्याकडे?"

*

रेझल सकाळपासून तिसऱ्यांदा पडदा बाजूला करून रस्त्याकडे बघत होती.

घर टेकडीवर, शहराच्या पूर्वेला होतं, आणि कागदोपत्री तिचं होतं. संपाच्या वर्षी नोसननं घाईघाईनं ते तिच्या नावावर केलं, कारखाना बुडाला तरी घर राहावं म्हणून. त्याला तेव्हा वाटलं होतं तो फार हुशार आहे. गेल्या गुरुवारी रेझल त्याच घराचे कागद पर्समध्ये घालून एकटी नोटरीकडे गेली, आणि एमिल, लोटे आणि हानी कोर्नब्लू यांची हमी घेऊन आली. नातं, आत्या. एका शब्दात बसलं.

एमिलनं तिलाही पत्र लिहिलं होतं. सगळ्यांना तेच पत्र, फक्त नाव बदलून. माणूस बुडताना दोरी कुणाच्या हातात आहे ते बघत नाही.

सरळ टपालात टाकलं असतं तर काम झालं असतं. पण मग पॅटरसनभर झालं असतं की ब्रिलबाईनं व्हिएन्नाही विकत घेतलं. शिवाय तिला ते वेल्व्हलच्या हातून जायला हवं होतं. का ते तिला विचारलं असतं तर तिनं विषय बदलला असता.

दर पुरिमला ती भावाला ताट पाठवायची. तीनकोनी भाजलेले हामानताशन, पोटात गोड खसखस, बाजूला संत्रं, वरून भरतकामाचा रुमाल. पुरिमचं ताट कुणाच्या तरी हातून पाठवायचं असतं, आणि दोन्ही घरी पाय ठेवणारा बेरिश एकटाच होता. सात वर्षं तो ताट घेऊन जायचा आणि रिकामं परत आणायचा. "खाल्ले," म्हणायचा. "काही बोलला नाही, पण खाल्ले. बोटं चाटली." तिला तेवढं पुरायचं. भाऊ ताट घेतो म्हणजे दार बंद असलं तरी कुलूप नाही.

म्हणून या वेळी रुमालाच्या खाली हामानताशन, आणि हामानताशनांच्या खाली लिफाफा. आत चिठ्ठी: 'पाठव नाहीतर फाड. तू ठरव.'

आणि तीन वाजत आले तरी बेरिशचा पत्ता नव्हता.

"पडदा झिजेल," नोसन आरामखुर्चीतून म्हणाला. त्याच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि तासाभरात त्यानं पान उलटलं नव्हतं. "तो यायचा असेल तेव्हा येईल."

"कोण?"

"रेझल, तुझा नोटरी मंगळवारी माझ्याच टेबलावर पत्ते खेळतो. तोंडात तीळ भिजत नाही त्याच्या."

ती वळली. "मग? बोल. घर माझ्या नावावर आहे."

"तेच म्हणतोय. मीच केलंय, आता कुणाला शिव्या देऊ?" त्यानं चष्मा काढला. "सही केलीस, बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही केली असती, जरा कुरकुर करून. पण ते वेल्व्हलच्या दारात कशाला नेऊन ठेवलंस? तो मला अजून खुनी समजतो. मी फाटक बंद ठेवायला सांगितलं होतं. मारा म्हटलं नव्हतं."

"फाटक बंद होतं म्हणूनच ते सापडले," रेझल म्हणाली. "पळायला जागाच नव्हती."

नोसननं चष्मा परत चढवला. आठ वर्षांत हे वाक्य या घरात पहिल्यांदा बोललं गेलं होतं, आणि ते ऐकायला तो तयार नव्हता. पण तो उठूनही गेला नाही. तेवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

फोन वाजला. रेझलनं तो दुसऱ्या घंटेच्या आत उचलला.

"मी गिटल बोलतेय. बेकरीतून. माझ्यामागे सहा माणसं रांगेत आहेत आणि सगळ्यांचे कान इकडे आहेत, तेव्हा ऐक. एमिलची सगळी हमीपत्रं परत आली. तुझी सही हवीय. हात जोडते म्हण, पाया पडते म्हण, पण..."

"ताई, मी केलीय."

"काय केलीयस?"

"सही. हमीपत्र. सकाळीच पाठवलं. वेल्व्हलच्या ताटात, हामानताशनांच्या खाली."

पलीकडे बेकरीतल्या भट्टीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मग गिटल इतक्या हळू बोलली की रांगेतल्या सहाही माणसांना पुढे सरकावं लागलं असेल.

"लेकराचा जीव तू खसखशीखाली ठेवलास?"

"तो दर वर्षी घेतो ताट! बेरिशला विचार!"

"वेल्व्हल?" गिटल म्हणाली. "तुझं ताट घेतो?"

*

वेल्व्हलला जिन्यावरूनच बहिणीच्या बुटांचा आवाज आला. त्याच्या मनात आलं, बावन्न पायऱ्या, तिच्या गुडघ्यांना, आणि हे सगळं माझ्यामुळे. त्यानं तो विचार ढकलून दिला. असे विचार आले की माणूस ढिला पडतो.

गिटल दारात उभी राहिली. धाप लागली होती. लाटणं वगैरे काही नाही.

"वेल्व्हल. आज सकाळी तुझ्याकडे ताट आलं?"

"दर वर्षी येतं."

"मग?"

"मग काय? दारातूनच परत. दर वर्षी परत करतो. रुमालही उचलत नाही. बेरिश साक्षीला आहे."

सगळ्यांनी बेरिशकडे पाहिलं.

बेरिश उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. "तिला सांगायचो, खाल्ले म्हणून," तो म्हणाला. "रिकामं ताट बघून तिचा चेहरा... तुम्ही बघितला नाहीत कुणी. मी दर वर्षी बघतो."

"आणि खाऊ कोण खायचं?" त्सिर्लनं विचारलं.

"तो कोण खाणार? मीच. टाकायचे का? खसखशीचे?"

"सात वर्षं?" पेर्ल म्हणाली.

"एकट्यानं नाही. गिऱ्हाइकांनाही द्यायचो."

गिटलनं त्याच्या कोटाची कॉलर धरली. "आजचं ताट कुठाय?"

"दुकानात. खुर्चीमागच्या फळीवर. आज खाववले नाहीत. सकाळी खालचा लिफाफा हाताला लागला, जाडजूड. नेहमी नुसती चिठ्ठी असते. म्हटलं, हे काही साधं नाही. मग इथं पत्र वाचलंत, सधन नातेवाईक, तेव्हाच कळलं आत काय असणार. कसं सांगू? सांगितलं तर सातही वर्षांचं सांगावं लागणार."

"नेहमी चिठ्ठी असते?" हा प्रश्न वेल्व्हलचा होता.

"फाडल्या नाहीत मी," बेरिश घाईनं म्हणाला. "उघडल्याही नाहीत. वस्तऱ्यांच्या खणात आहेत."

"पळ," गिटल म्हणाली.

बेरिश पळाला. पन्नाशीचा तो लठ्ठ माणूस मार्चच्या थंडीत टोपीशिवाय दोन गल्ल्या पळत गेला आणि पळत आला, एक हात उघड्या डोक्यावर आणि दुसऱ्या हातात ताट, आणि रस्त्यात पुरिमसाठी राजाराणीची सोंगं काढलेल्या पोराटोरांना वाटलं हेही सोंगच आहे. चारच्या सुमारास ताट टेबलावर आलं. पेर्लनं रुमाल उचलला, एकेक तीनकोनी बाजूला काढला आणि लिफाफा उघडला.

हमीपत्र नीट होतं, दोन पानी, शिक्क्यानिशी. फक्त शिक्क्याच्या जरा वर लोण्याचा एक गोल डाग पडला होता, आणि त्या डागातून पलीकडचा टेबलक्लॉथ दिसत होता.

"चालेल का हे?" त्सिर्लनं विचारलं.

"सासू चालली नाही, डाग चालेल?" पेर्ल म्हणाली. "नवं करायला हवं. उद्या सकाळी नऊला नोटरी उघडतो. नवं हमीपत्र आणि सोबत..." ती थांबली. बापाकडे न बघता तिनं वकिलातीचं पत्र परत वाचलं. "'रक्ताचा नातेवाईक असेल त्यानं आपली हमी नोटरीसमोर मागे घेऊन नव्या हमीदाराचं नातं प्रमाणित करावं.' तुम्ही एकटेच उरता, बाबा. आत्यानं स्वतःला आई लिहून ठेवलंय. तिच्या शब्दाला आता किंमत नाही. तुम्ही काका लिहिलंत. सहाजणांत खरं लिहिलेले तुम्ही एकटे."

खरं लिहिल्याबद्दल माणसाला एवढी मोठी शिक्षा क्वचितच होते.

वेल्व्हलचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्याच्यापुढे बेरिशनं आणलेल्या सात चिठ्ठ्या होत्या, तेलाचे डाग पडलेल्या, वस्तऱ्यांच्या खणातला साबणाचा वास असलेल्या. त्यानं पहिली उघडली. मग दुसरी. मग तिसरी उघडताना त्याचा वेग वाढला. सातही चिठ्ठ्यांवर एकच ओळ होती. माफी नव्हती, सफाई नव्हती, नोसनचं नाव नव्हतं.

'मनगट कसं आहे?'

दर वर्षी तेवढंच. आणि दर वर्षी उत्तर न आल्यानं पुढच्या वर्षी परत तेवढंच.

"काय लिहिलंय?" त्सिर्ल पुढे वाकली.

"तुझ्याबद्दल नाही," वेल्व्हल म्हणाला आणि चिठ्ठ्या खिशात घातल्या. मग खुर्ची ओढून बसला. त्याला बसलेलं पाहून गिटलनं श्वास रोखला. "पेर्ल, कागद. तू सांग, मी लिहितो."

"मी टाईप करते उद्या..."

"उद्या टाईप कर. आज मला हातानं लिहू दे. नाहीतर रात्रीतून माझा विचार बदलेल. मी मला ओळखतो."

पेर्लनं सांगितलं, त्यानं लिहिलं. मी, वेल्व्हल कोर्नब्लू, विणकर, माझी हमी मागे घेतो. एमिल हा माझ्या थोरल्या भावाचा, लाइबचा, मुलगा. "लिओपोल्डचा," पेर्लनं दुरुस्त केलं. "लाइबचा," त्यानं लिहिलं. आणि नव्या हमीदार श्रीमती रेझल ब्रिल या... इथं लेखणी थांबली. गिटलनं तोंडावर हात धरला. बेरिश छताकडे बघत होता.

'माझी सख्खी बहीण.'

शाईचा एक थेंब पडला. त्यानं तो टिपला नाही.

"नोसनला मी माफ केलेलं नाही," तो उठत म्हणाला. "ते नोंदीत घे."

"घेतलं, बाबा."

"आणि नियम चौदा रद्द नाही. मी मंडळ म्हणून करत नाहीये हे."

"बहीण म्हणून करायचं काम मी आधीच केलंय," गिटल म्हणाली. "तू भाऊ म्हणून कर." आणि तिनं अवेळी, कुणी न सांगता, लाटणं आपटून सभा संपवली.

वेल्व्हलनं ताट जवळ ओढलं. दिवस मावळायच्या आत परतीचं ताट जायला हवं होतं, आणि ते रिकामं देत नाहीत. गिटलच्या फळीवरून त्यानं राय धान्याचा अर्धा पाव घेतला, बरणीतून एक खारवलेली काकडी काढली. दोन जिन्नस झाले, पुरिमला तेवढे लागतात. वर घडी करून तो कागद ठेवला.

"दे इकडे, मी नेतो," बेरिश हात पुढे करून म्हणाला.

"तू?" वेल्व्हल म्हणाला. "पोहोचेपर्यंत काकडी राहील का त्यावर?"

*

टेकडी चढताना वारा समोरून होता. ताटाचं ओझं डाव्या मनगटावर येत होतं, पण उजव्या हातानं रुमाल धरावा लागत होता. पूर्वेकडच्या त्या रस्त्यावर वेल्व्हल आठ वर्षांत आला नव्हता. घरं वाढली होती. तिचं तसंच होतं.

दार तिनंच उघडलं. पडद्यामागून तिनं त्याला कोपऱ्यावर वळताना पाहिलं असणार, कारण त्याला घंटा वाजवायला हातच मोकळा नव्हता.

रेझलचे केस पांढरे झाले होते. त्याचे तर कधीच झाले होते. दोघांनी एकमेकांचं म्हातारपण एका नजरेत मोजलं.

"नोसन घरात आहे," ती म्हणाली.

"मी आत येणार नाहीये."

"मग इथेच थांब. वाचते."

तिनं काकडी बाजूला केली, कागद उघडला आणि दाराच्या उजेडात धरला. वरच्या ओळी तिनं भरभर वाचल्या. मग एका ओळीवर बराच वेळ थांबली. आतून नोसनच्या खुर्चीचा आवाज आला आणि बंद झाला. त्यानं बाहेर यायचं नाही एवढं शहाणपण दाखवलं.

"शाई सांडलीस," ती म्हणाली.

"तुझ्या हमीपत्रावर लोणी आहे. नवं करायला लागणार. उद्या नऊला, दोघांनी नोटरीसमोर उभं राहायचंय. बुधवारची बोट."

"उद्या सोमवार. गिरणी?"

"खाडा करतो."

"मजुरी कापतील."

"संपात चौदा आठवडे कापली होती. एका दिवसानं मरत नाही मी."

तिनं कागदाची घडी घातली. मग आत गेली आणि हातात एक तीनकोनी घेऊन आली, ताटात मावला नव्हता तो. पुढे धरला. वेल्व्हलनं त्याच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग घेतला आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानं खाल्ला, सगळा, कोपऱ्यांसकट.

"खसखस कमी आहे," तो म्हणाला.

"सात वर्षं कुणी तक्रार केली नाही."

"सात वर्षं बेरिशनं खाल्लेत. त्याला साबण दिला तरी खाईल."

रेझल हसली नाही, पण तोंड वळवून तिनं दाराची कडी उगाच वरखाली केली. तिला हे नवीन होतं. बेरिशबद्दल उद्या बघू, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

वेल्व्हल दोन पायऱ्या उतरला. टोपी सारखी केली. तिसऱ्या पायरीवर थांबून तो मागे न वळता म्हणाला, "नऊला. उशीर करू नकोस. आणि नोटरीकडे माझ्या डाव्या बाजूला उभी राहू नकोस, तिथं दारात लोक धक्के मारतात." वारा आला, त्यानं कॉलर वर केली. "थंडीत दुखतं. बाकी बरं आहे."